मीटर यायच्या आधी

“पाय उचला! उचला म्हणते ना!”

मी इतक्या जोरात ओरडले की जिन्यातून गच्चीवर आलेला तो माणूस जागच्या जागी एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय हवेत, खांद्याला पिशवी, हातात मोजायचा टेप... आणि त्या हवेतल्या पायाखाली, वीतभर अंतरावर, माझी कुरडई.

“उचलला. आता ठेवू कुठं?”

“जिथनं आलात तिथं. मागं.”

मार्च संपत आला होता. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, तो शिजवून आईनं आणि मी पहाटेपासून गच्चीभर जुन्या साड्या अंथरून कुरडया घातल्या होत्या. अशा दिवशी आमच्या गच्चीवर चिमणीलाही मज्जाव असतो, आणि हा बाप्या चपलांसकट निघाला होता.

“मी सोलरवाला. कृष्णराज, तेरखेड्याचा,” तो एका पायावरूनच म्हणाला. “बलभीमअण्णांनी माप घ्यायला बोलावलंय.”

“अण्णांनी उद्या बोलावलंय.”

“उद्या दुसरीकडं काम निघालं म्हणून आज आलो. पाय टेकू का आता? पोटरीत गोळा यायलाय.”

मला हसू आलं. पण रागावलेल्या माणसानं लगेच हसायचं नसतं, म्हणून मी तोंड फिरवलं. तो चपला काढून कठड्याच्या कडेकडेनं फिरला. वर सूर्याकडं बघितलं, मोबाईलमधून दिशा बघितली, टेप ताणला, आणि बरोबर माझ्या कुरडयांच्या मधोमध बोट दाखवून म्हणाला, “पॅनल इथं बसतील. सगळ्यात चांगलं ऊन हितं पडतंय.”

“ते मला नका सांगू. चांगलं ऊन पडतं म्हणूनच कुरडया हितं असतात. घर बांधल्यापासनं.”

“मग आता काय करायचं?”

“इंजिनियर तुम्ही. तुम्हीच बघा.”

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. उन्हानं बारीक झालेले डोळे, भुवईवर घामाचा थेंब... आणि ओठाच्या एका कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. मला उगाच ओढणी सारखी करावीशी वाटली. हाताला चीक लागलेला होता, तो ओढणीला लागला. मला स्वतःचाच राग आला.

मी शिवकन्या. येडशीच्या एका शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवते. विज्ञान! पुढं जे घडलं ते वाचल्यावर तुम्ही हसाल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव येडशीपासून चार किलोमीटरवर. गावात पहिला ट्रॅक्टर आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिलं ठिबक अण्णांचं, पहिलं स्लॅबचं घरही अण्णांचं. ‘पहिलं’ हा शब्द अण्णांना पेढ्यासारखा लागतो. उन्हाळा आला की कूलर, फ्रीज, पाण्याची मोटर आणि आईची शेवयांची मशीन मिळून आमचं बिल अठराशेवर जायचं. अण्णांनी कुठंतरी सोलरचं ऐकलं, सबसिडीचं ऐकलं, आणि ठरवून टाकलं की छतावर पॅनल बसवायचे. गावात पहिले.

गावानंही ठरवून टाकलं. अठरा घरांनी सांगितलं, “अण्णांचं पहिलं बिल येऊ द्या. कमी आलं तर आमीबी बसवू.” या अठरांच्या पुढं होते आमचे शेजारी शंकरप्पा. अण्णा एकदा तरी तोंडावर पडावेत म्हणून हा माणूस तीस वर्षं ओट्यावर बसून वाट बघतोय, असं आई म्हणायची.

काम तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले आणि बघते तर सहा पॅनल एका रांगेत नव्हते. तीन-तीनच्या दोन रांगा होत्या, आणि दक्षिणेकडचा चांगला मोठा कोपरा मोकळा सोडलेला.

“हे असं का?” मी विचारलं.

तो नट आवळत होता. वर न बघताच म्हणाला, “नकाशात कुरडया आल्या.”

एवढंच. पण मी जिना उतरताना दोन पायऱ्या चुकले.

संध्याकाळी जिन्याखाली बसवलेली इन्व्हर्टरची पेटी समजून घ्यायला अण्णांनी मलाच पुढं केलं. “शिवे, तू बीएस्सी. तू ध्यानात ठेव.” आणि कृष्णराजला माझाच नंबर देऊन ते शंकरप्पांना छत दाखवायला गेले.

“हे बघा,” कृष्णराजनं पेटीतला लाल खटका दाखवला. “नवं मीटर यायला अजून महिना लागंल. तवर हा खटका वर करायचा न्हाय. अजिबात.”

“का?”

“सोलर चालू झालं की घरात लागते तेवढी वीज घर खातं, उरलेली बाहेर तारेवर जाते. नवं मीटर आलेली अन् गेलेली वेगवेगळी मोजतं. तुमचं जुनं मीटर तसलं न्हाय. त्याला येणं-जाणं कळत न्हाय. बाहेर गेलेली वीजबी ते तुमच्याच खर्चात धरतं. म्हणजे बिल कमी व्हायचं सोडून वाढंल.”

“कळलं.”

“नक्की?”

“मी पोरांना शिकवते.”

“मग ठीक.” तो मोबाईल काढून माझ्याजवळ उभा राहिला. पडद्यावर एक सपाट रेष होती. “खटका वर गेला की ही रेष वर चढते. तुमच्या छतावर काय चाललंय ते मला तेरखेड्यात बसून दिसतं.”

“म्हणजे आमच्या घरावर नजर ठेवणार तुम्ही?”

“घरावर न्हाय. इन्व्हर्टरवर.”

“एकच झालं.”

“एक कसं? इन्व्हर्टर एवढं भांडत न्हाय.”

त्या रात्री मी उगाचच दोनदा हसले. आईनं विचारलं काय झालं. शाळेतली गंमत आठवली म्हणाले.

पहिल्यांदा खरंच चुकून झालं. मी पेटीवरची धूळ पुसत होते, फडक्याला खटका लागला आणि वर गेला. चार मिनिटांत फोन. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज होता.

“कुणी लावलं?”

“अगंबाई... चुकून.”

“आधी खाली करा. मग बोलू.”

मी केला. “झालं.”

“बरं.”

“...आता बोला की.”

“काय?”

“तुम्हीच म्हणलात, मग बोलू.”

पलीकडं थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. कुठल्या तरी छतावर असावा. मग म्हणाला, “कुरडया वाळल्या का?”

दुसऱ्यांदा चुकून झालं नाही. खरं ते सांगते. शाळेतून आले, घरात कुणी नव्हतं, रामलिंगाच्या जंगलाकडून मोर ओरडत होता आणि मला काही सुचत नव्हतं. मी खटका वर केला आणि घड्याळ बघत उभी राहिले. तीन मिनिटं.

“आज कशानं लागला? फडकं?”

“हो... फडकंच.”

“लई धूळ बसायलीय तुमच्याकडं.”

मग तो फोन वीस मिनिटं चालला. तिसरा त्याहून जास्त. चौथ्या फोनपर्यंत मला कळलं होतं की त्याला चहात वेलदोडा चालत नाही, की त्याचे वडील फटाक्याच्या कारखान्यात वाती भरतात, की दिवाळीच्या चार महिन्यांवर अख्खं वर्ष काढायचं असतं आणि लहानपणापासून त्याच्या घरात चुलीपेक्षा काडीपेटीची भीती मोठी. “मला उन्हाचं काम पायजे हुतं,” तो म्हणाला. “ज्याच्यात कुणाचा हात भाजत न्हाय.” मालकानं त्याला सांगितलं होतं, या गावात दहा घरं झाली तर तालुक्याचं काम त्याच्या हाती. नाही झाली, तर त्याची गरज नाही. म्हणजे परत कारखाना.

“होतील हो,” मी म्हणाले. “अण्णांचं बिल येऊ द्या. शंकरप्पा पहिले धावत येतील.”

“सगळं त्या एका बिलावर हाय बघा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू नव्हतं. मी मात्र ते ऐकलं आणि सोडून दिलं. प्रेमात पडलेल्या माणसाला ऐकायचं तेवढंच ऐकू येतं.

पाचव्यांदा मी खटका वर केला तेव्हा फोन आला नाही. दीड तासानं तोच दारात उभा. कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला हात, शर्टावर चुन्याचे डाग.

“कळंबच्या बाजूला हुतो. एक पाय शिडीवर, एक कठड्यावर. आन् खिशात फोन वाजला, की तुमची रेष चढली.” त्यानं हात पुढं केला. “ह्येच्यावर भागलं. खाली दगड हुते.”

हळद आणू, पाणी आणू, काय करू... पण तो रागात होता, आणि समोरचा रागात आला की माझी जीभ माझी राहत नाही.

“मी काय तुम्हाला फोन खिशात ठेवायला सांगितलं होतं?”

त्यानं सोललेला हात मागं घेतला. मग अगदी हळू म्हणाला, “हे खटक्याचं बंद करा. बोलायचं असलं तर सरळ फोन लावा. नंबर हाय तुमच्याकडं.”

“मी? मी कशाला लावू? मला काय बोलायचंय?”

“काय न्हाय?”

किती सोपं होतं. एक शब्द. पण अंगणात आई शेण्या थापत होती, शंकरप्पा ओट्यावर होते, आणि पोरीनं आधी बोलायचं म्हणजे... माझ्या तोंडातून भलतंच बाहेर आलं.

“न्हाय.”

“बरं,” तो म्हणाला. “आजपासनं खटका वर करा न्हायतर पाडा. माझा फोन येणार न्हाय.”

गाडीला किक मारून तो गेला. मी दाराची कडी धरून उभी होते. येत नाही म्हणे फोन! बघूच कसा येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाण्याआधी मी खटका वर केला आणि तसाच ठेवला.

दुपारी आले. फोनवर काही नाही. संध्याकाळी नाही. सूर्य मावळला की पॅनल आपोआप गप्प बसतात, सकाळी परत जागे होतात. माझंही तसंच चाललं होतं. दुसरा दिवस, तिसरा, पाचवा. मी वर्गात पोरांना परिपथ शिकवत होते आणि टेबलावर फोन उलटा ठेवत होते, म्हणजे सारखा दिसू नये. जुनं मीटर पळतंय हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. एकदा तर मी मीटरसमोर उभी राहून आकडा बघितला आणि तरी खटका खाली केला नाही. आज येईल फोन. आज नाही तर उद्या. त्याला दिसतंय, म्हणजे तो करणारच. न करून सांगतो कुणाला?

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी खटका खाली केला आणि जिन्याखालीच बसून रडले. आईनं लांबून बघितलं. जेवताना तिनं माझ्या ताटात तूप जास्त वाढलं.

बिल आलं त्या दिवशी रविवार होता. नवं मीटर अजून आलं नव्हतं, पण गावाच्या लेखी पॅनल बसल्यानंतरचं हे पहिलं बिल होतं. बिल वाटणारा माणूस आमच्या दारात थांबला आणि अर्ध्या तासात अंगण भरलं. कुणी ओट्यावर, कुणी पायरीवर, बायका तुळशीपाशी. अण्णांनी चष्मा लावला. उभ्या उभ्या वाचलं. परत वाचलं. मी त्यांच्या मागं होते, मला आकडा दिसला. एकतीसशे.

“काय बलभीम,” शंकरप्पांनी लांबूनच विचारलं, “किती कमी झालं?”

अण्णांनी कागद दुमडला. शंकरप्पांनी येऊन कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, “सूर्य बी बिल लावायला लागला का काय रं?”

सगळे हसले. अण्णांच्या मानेवरची शीर उडायला लागली. त्यांनी फोन काढून कृष्णराजला लावला. “असशील तिथनं ये. आत्ता.”

तो तासाभरात आला. कोपरावरची खपली अजून तशीच होती. बारा दिवस ज्या चेहऱ्यासाठी मी जीव टाकला तो समोर होता, आणि मला तिकडं बघवत नव्हतं.

“वाच,” अण्णांनी बिल पुढं केलं. “आन् सांग हितल्या समद्यांना.”

त्यानं वाचलं. जिन्याखालच्या पेटीकडं त्याची नजर गेली. मग... फक्त क्षणभर... माझ्याकडं.

“ह्याच्या मोबाईलमदी समदं दिसतं म्हनला हुता न्हवं?” शंकरप्पा म्हणाले. “कवा काय चालू हुतं, कवा बंद. दाव की.”

त्यानं मोबाईल काढला. मला माहीत होतं त्यात काय आहे. बारा दिवस, तारखेसह, सकाळी चढणारी आणि संध्याकाळी उतरणारी रेष. नुसतं पुढं धरायचं. खटका घरातल्याच कुणीतरी वर केला, माझा दोष नाही, एवढं म्हणायचं. अठरा घरं तिथंच उभी होती. त्याचा तालुका तिथं उभा होता.

त्यानं मोबाईल परत खिशात ठेवला.

“चूक माझी हाय, अण्णा. मीटर यायच्या आधी खटका लावू नका, ही सूचना... द्यायची राहिली माझ्याकडनं.”

“राहिली?” अण्णांचा आवाज फाटला. “एवढी मोठी गोष्ट राहिली? आन् तुझ्या भरवशावर म्या समद्या गावाला सांगत फिरलो! काढ ती पॅनलं. आजच. आत्ताच्या आत्ता माझ्या डोक्यावरनं काढ.”

माणसं कुजबुजायला लागली. कुणीतरी म्हणालं, बरं झालं आपण घाई केली नाही. कृष्णराज पिशवीतून पाना घेऊन जिना चढला. त्याच्या मागं जायला मी वळले तर आईनं मनगट धरलं.

“गप ऱ्हा,” ती माझ्या कानात म्हणाली. “मला ठावं हाय समदं. पर एवढ्या मानसांत पोरीनं तोंड उघडलं की ते परत मिटता येत न्हाय. तो पुरुष गडी हाय. त्याचं निभंल.”

“न्हाय निभणार, आई.”

वरून पान्याचा आवाज आला. एक नट सुटला. मग दुसरा. खाली शंकरप्पा तंबाखू मळत होते. अण्णा खांबाला टेकून उभे होते, आणि आमचे अण्णा कधी टेकून उभे राहत नाहीत. मला त्या दोघांचीही कीव आली, वरच्याची आणि खालच्याची. एकाची भाकरी जात होती, एकाचं नाव. आणि दोन्ही माझ्यामुळं.

तिसरा नट सुटला तेव्हा मी आईचा हात सोडवला.

“अण्णा, त्यांनी सूचना दिली होती. मला दिली होती. खटका मी वर केला.”

शंकरप्पांचा तंबाखू मळणारा हात थांबला. वरचा पानाही थांबला.

“तू?” अण्णा म्हणाले. “कशापायी?”

मी बोलणार तेवढ्यात वरून, कठड्यावरून, त्याचा आवाज आला. “पुसताना लागला असंल, अण्णा. लागतो कधी कधी फडक्यानं.”

दार उघडून दिलं होतं त्यानं. नुसतं हो म्हणायचं होतं. सगळे हसले असते, वेंधळी पोरगी म्हणाले असते, आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. मी वर बघितलं. उन्हात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण तो मान हलवत होता. नको, नको. मला तेव्हा कळलं की हा माणूस आता परत खोटं बोलतोय, आणि आता मी त्याला एकट्याला बोलू दिलं तर मला परत कधी त्याच्याकडं बघता येणार नाही.

“फडक्यानं न्हाय लागला,” मी म्हणाले. “मी मुद्दाम लावला. बारा दिवस. ह्यांचा फोन यावा म्हणून.”

“ह्यांचा?” तुळशीपाशी बायकांतली कडूबाई म्हणाली. “अगं बया!”

कुणी हसलं नाही. अण्णांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला. मला वाटलं आता हात उचलतील. उचलला असता तरी चाललं असतं. पण ते खाली मान घालून शंकरप्पांच्या समोर उभे राहिले, आणि अण्णांना त्या माणसासमोर खाली बघताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. त्यापेक्षा दोन मुस्काटात बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

“शंकरप्पा,” अण्णा म्हणाले, “पॅनलात खोट न्हाय. बिल सोलरनं वाढवलं न्हाय. माझ्या पोरीनं वाढवलंय.” मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांकडं बघितलं. “ज्याला बसवायचंय त्यानं बसवा. मीटर यायच्या आधी खटक्याला हात लावू नका, म्हंजे झालं. आन् घरात तरणी पोर असंल तर पेटीला कुलूप घाला.”

आता मात्र अंगण फुटलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, बाप्ये टाळ्या देऊन. शंकरप्पा एकटे हसले नाहीत. त्यांनी तंबाखू झटकली, अण्णांकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “बलभीम, म्या असतो तर पोराला घालवलं असतं, पोरीला झाकलं असतं. आमच्यात दोन पोरंच हाईत, कुलपाचा खर्च न्हाय. माझं नाव लिव्हायला सांग त्याला.”

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तीस वर्षांत तोही पहिलाच.

माणसं पांगली तसे अण्णा जिन्याशी गेले. “ए तेरखेडेकर!”

“जी?” कठड्यावरून डोकं बाहेर आलं.

“बारा दिस तुला दिसत हुतं ना?”

“...व्हय.”

“मग फोन का केला न्हाईस?”

डोकं कठड्यामागं गेलं. मग बारीक आवाज आला, “रुसलो हुतो.”

अण्णांनी कपाळावर हात मारला. “इंजिनियर म्हनं! सोडलेलं नट आधी बसव. मग खाली ये आन् तुझ्या वडलांचा नंबर दे. आन् ध्यानात ठेव, म्या काय व्हय म्हनलेलो न्हाय. नुसतं इचारनार हाय, तेरखेड्यात पोरं अशी रुसत्यात का म्हनून.” मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, “पाणी नेऊन दे वर. ऊन लागून पडला तर आनी एक खर्च.”

मी तांब्या घेऊन वर गेले. तो पॅनलच्या सावलीत गुडघ्यावर बसून शेवटचा नट आवळत होता. पाणी त्यानं एका दमात प्यायलं. हनुवटीवरून थेंब गळत होते. मी कठड्याला टेकले. अंतर ठेवून. खाली आई मुद्दाम भांडी वाजवत होती.

“मोबाईल का दाखवला न्हाय?” मी विचारलं.

“त्यात तुम्ही हुतात.”

“तुमचं काम गेलं असतं.”

“गेलं असतं.” त्यानं तांब्या खाली ठेवला. “तसं ते जायलाच पायजे हुतं. पहिले दोन दिवस मला राग हुता. तिसऱ्या दिवशी गेला. मग फोन करायचा, खटका खाली करा म्हणायचं, एवढंच काम हुतं माझं. मीटर पळायलंय हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळत हुतं. पण रोज सकाळी ती रेष चढायची... आन् मला वाटायचं, फोन केला तर ती बंद करंल. मग मला कसं कळंल, की आजबी तिला...” तो थांबला. कान लाल झाले होते. ऊन होतं खरं, पण कानांना ऊन लागलं नव्हतं.

“की आजबी तिला काय?”

“काय न्हाय.”

“बघा. आता तुम्ही ‘न्हाय’ म्हणायलात.”

तो हसला. मलाही हसू आलं, आणि त्याच्यामागोमाग डोळ्यांत पाणी. किती मूर्ख होतो आम्ही दोघं. अण्णांचं नाव आणि त्याची भाकरी, दोन्ही आम्ही त्या जुन्या मीटरवर टांगून ठेवलं होतं.

“जास्तीचं बिल मी भरणार हाय,” तो म्हणाला.

“निम्मं. निम्मं माझ्या पगारातनं.”

“अण्णांनी व्हय म्हणलेलं न्हाय अजून,” तो खाली बघत म्हणाला.

“ऐकलं मी.”

“आन् ते न्हाय म्हणले तर?”

“तर परत विचारतील. आई विचारायला लावंल.” मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “माझं हो आहे.”

“कशाला?”

“म्हणजे काय, कशाला?”

“मी अजून काय विचारलंच न्हाय की.”

“मग विचारा,” मी म्हणाले. “मी हितं उन्हात उभी हाय.”

त्यानं पाना खाली ठेवला, हात शर्टाला पुसले, आणि विचारलं.